गोस्वामी समितीच्या शिफारशी आणि संसद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
निवडणूक सुधारणांच्या अभ्यासात दिनेश गोस्वामी समितीच्या शिफारशींची यादी नेहमी दिली जाते. तथापि, संसदेने त्यांतील काय स्वीकारले आणि काय दूर ठेवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

समिती व तिच्या शिफारशी :
९ जानेवारी १९९० च्या सर्वपक्षीय बैठकीनंतर विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने कायदामंत्री गोस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. मे १९९० मध्ये तिचा अहवाल आला. मुख्य निवडणूक आयुक्तांची नियुक्ती सरन्यायाधीश व विरोधी पक्षनेत्यांशी विचारविनिमय करून व्हावी. पक्षांतराबाबतच्या अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांऐवजी राष्ट्रपती वा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने द्यावा. उमेदवाराने दोनपेक्षा अधिक मतदारसंघांतून उभे राहू नये, या तिच्या प्रमुख शिफारशी होत.

संसदेतील प्रवास :
३० मे १९९० रोजी राज्यसभेत सत्तरावे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्यात आले. त्यात सरन्यायाधीशांचा उल्लेख नव्हता. त्यांच्या जागी राज्यसभेचे सभापती व लोकसभेचे अध्यक्ष आले. म्हणजे संसदेपुढे येण्यापूर्वीच शिफारशीचे रूप बदलले होते. नोव्हेंबर १९९० मध्ये सरकार कोसळले. राज्यसभा विसर्जित होत नसल्याने विधेयक प्रलंबित राहिले आणि १३ जून १९९४ रोजी ते मागे घेण्यात आले.

याउलट, १९९६ च्या लोकप्रतिनिधित्व (सुधारणा) अधिनियमाने दोन मतदारसंघांची मर्यादा घातली, पोटनिवडणुकीसाठी सहा महिन्यांची मुदत ठरविली आणि लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये केली. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत १३,९५२ उमेदवार होते. १९९८ मध्ये ते ४,७५० वर आले.

विश्लेषण :
घटनादुरुस्तीस विशेष बहुमत लागते, साध्या कायद्यास लागत नाही, हे या फरकाचे एक कारण निश्चितच आहे. परंतु १९९० चे विधेयक मतदानात पराभूत झाले नाही. ती कसोटी लागण्यापूर्वीच ते मागे घेतले गेले. सभागृहाबाहेरील उमेदवारावर बंधन घालणाऱ्या तरतुदी कायद्यात उतरल्या. सत्ताधाऱ्यांचा नियुक्तीचा अधिकार आणि अध्यक्षांचा निर्णयाधिकार मात्र अबाधित राहिला.

समारोप :
या दोन्ही प्रश्नांनी पुढे पुन्हा डोके वर काढले. आयुक्तांच्या नियुक्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२३ रोजी पंतप्रधान, विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांची समिती ठरवून दिली. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आले. महाराष्ट्रात जून २०२२ मधील शिवसेनेच्या फुटीनंतरच्या अपात्रता याचिकांवर विधानसभाध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी लागला. समितीचा अहवाल चौतीस वर्षांपूर्वीचा होता. प्रश्न तोच होता. सल्लागार समितीच्या शिफारशींची छाननी ज्या सभागृहाने करावयाची, त्याच सभागृहाचे अधिकार त्या शिफारशींनी कमी होणार असतील, तर ती छाननी कितपत निरपेक्ष राहते, याचा विचार अभ्यासकांनी करणे आवश्यक आहे.