पाणीवाल्या बाईंची नगरसेवकी

लोकांनी प्रेमाने दिलेले नाव माणसाचा गौरव करते, तसेच ते त्याला थोडे झाकूनही टाकते. मृणाल गोरे यांच्या 'पाणीवाली बाई' या नावाचे असेच झाले आहे. आमच्या वर्गात त्यांचा विषय निघाला की विद्यार्थ्यांना लाटणे मोर्चा आठवतो, आणीबाणीतला तुरुंगवास आठवतो, १९७७ सालचा लोकसभेतील विजय आठवतो. त्याआधीची नगरसेवकी मात्र 'त्यांनी गोरेगावात पाणी आणले' एवढ्या एका वाक्यात आटोपते. आम्हीही बरीच वर्षे तेच वाक्य सांगत आलो. त्यात एक संपूर्ण राजकीय विचार दडलेला आहे, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

हा विचार समजून घेण्यासाठी त्या काळचे गोरेगाव डोळ्यांसमोर आणावे लागते. १९५० साली मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली. १९५७ साली ती दहिसर-मुलुंडला भिडली. या दुसऱ्या टप्प्यात गोरेगाव मुंबईत आले. कागदावर ते एका दिवसात शहर झाले. परंतु शहराच्या सोयी मागे राहिल्या. गोरेगावच्या पूर्वेला डोंगरात विहार तलाव आहे. १८६० सालापासून त्याचे पाणी दक्षिणेकडच्या मूळ शहराला जात होते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली असेल, त्याने असेच एखादे गाव पाहिले असले पाहिजे.

१९२८ साली जन्मलेल्या मृणालताई वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीत आल्या. पती केशव गोरे यांच्यासह त्यांनी गोरेगाव हेच कार्यक्षेत्र मानले. १९५८ साली केशवरावांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी असताना त्यांनी काम सुरूच ठेवले आणि १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या.

महापालिकेचे पाणी मागायला घराचा कागद लागतो. ज्याची जागा त्याचा नळ, हा प्रशासनाचा सरळ हिशेब. झोपडीत राहणाऱ्याकडे कागद नाही; म्हणून तो कायद्याच्या नजरेला दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याला तहानही नाही! मृणालताईंनी बोट ठेवले ते नेमके येथे. जमीन कोणाची, हा वाद चालू राहो. तोवर तिच्यावर राहणाऱ्या माणसाला पाणी मिळालेच पाहिजे, अशी ही भूमिका होती. मालकी आणि तहान या दोन गोष्टी तिने एकमेकींपासून सोडवल्या. सभागृहात प्रश्न विचारणे, अंदाजपत्रकावर बोलणे, अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवणे ही नगरसेवकाची नेहमीची साधने. त्यांना त्यांनी रस्त्यावरच्या हंडा मोर्चाची जोड दिली. नळाच्या रांगेत बाईचे जे तास जातात, त्यांचा हिशेब तोवर कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. रिकाम्या हंड्याने तो सभागृहाच्या दारात नेऊन मांडला.

१९७२ साली महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली, तेव्हा तिच्या अग्रभागी मृणालताई आणि अहिल्या रांगणेकर होत्या. एक समाजवादी, दुसरी मार्क्सवादी. परंतु १९६१ सालापासून दोघींनीही महापालिकेचे सभागृह अनुभवले होते. हातातल्या लाटण्याचे निशाण करता येते, हे त्या वस्तीतच शिकल्या असाव्यात, असे आम्हांला वाटते.

पाण्यानंतरचा प्रश्न अर्थातच निवाऱ्याचा. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत मोकळ्या जमिनीच्या मालकीवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी यावी, हा हेतू. पण सवलतींच्या वाटांनी बरीचशी जमीन मालकांकडेच राहिली. मृणालताईंनी बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषद उभारली. कायदा आहे, तर तो पाळा, एवढीच तिची मागणी. दीर्घ झगड्यानंतर गोरेगावच्या दिंडोशी भागात अशा जमिनीवर सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

या यशाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. घर पैसे भरूनच घ्यायचे असल्यामुळे, ज्यांची मिळकतच अनिश्चित, त्यांना ही वाट सोपी नव्हती. शिवाय केंद्राने १९९९ साली आणि महाराष्ट्राने २००७ साली तो कायदाच मोडीत काढला. दिंडोशीचा प्रयोग जेथे संपला, तेथून पुढे जाण्याचा रस्ता असा बंद झाला.

मधल्या काळात झोपडीच्या वैधतेच्या तारखा बदलत राहिल्या. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्या तारखेनंतर आलेल्याला पाणी नाही, असा नियम झाला. म्हणजे मालकीच्या कागदाची जागा तारखेच्या कागदाने घेतली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला, की झोपडी बेकायदा असली तरी तीत राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. गोरेगावच्या नगरसेविकेने धरलेली भूमिका न्यायालयाच्या भाषेत उतरायला अर्धशतक लागले. मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. हा निकाल ऐकायला त्या नव्हत्या.

मे २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली होती आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकाचे राज्य चालले. धोरण होते, पण ते आपल्या गल्लीत का आले नाही, असे सभागृहात उठून विचारणारा कोणी नव्हता. हक्क न्यायालय सांगू शकते, धोरण आयुक्त लिहू शकतात. पण कोणत्या गल्लीतला नळ कोरडा आहे, हे नाव घेऊन सांगणारा माणस निवडून यावा लागतो. मृणालताईंच्या नगरसेवकीबद्दल पुढच्या वर्षी वर्गात बोलू, तेव्हा आम्ही एका वाक्यावर थांबणार नाही.