तळटीप १४ : लग्गी

१४. लग्गी : अण्णा नगरच्या (चेन्नई) बैठकीत श्रोत्यांनी दाद दिली तो ठुमरीचा अखेरचा टप्पा. बोल-बनावाची ठुमरी बहुधा १४ मात्रांच्या दीपचंदीत किंवा १६ मात्रांच्या जत तालात संथ चालते. गायिका एकच ओळ, कधी एकच शब्द, पुन्हा पुन्हा घेते आणि दरवेळी त्यातून वेगळा भाव काढते. लाडिकपणा, तक्रार, विनवणी. शेजारच्या रागाची छटा चालून जाते. अक्षरे मात्रांना बांधलेली नसतात, ती ठेक्यावरून सैल सरकतात. सम मात्र चुकत नाही. हा सैलपणा साधणे द्रुत तानांहून अवघड आहे. मग लय बदलते, तबलजी केरव्याच्या अंगाने लग्गी सुरू करतो. आता गायिका मुखडा धरून राहते आणि उपज तबल्याची असते. शेवटी तिहाई घेऊन दोघे मूळ ठेक्यावर परततात.

कर्नाटक संगीतात वाढलेल्या श्रोत्यांना यात नेरवल आठवणे स्वाभाविक आहे. तिथेही एकाच ओळीचा विस्तार होतो, पण शब्दांच्या तालातील जागा बहुतांशी कायम राखतात. मद्रासच्या रसिकांना हे गाणे नवे नव्हते. मिरजेचे अब्दुल करीम खाँ दक्षिणेत अनेकदा गायले आणि २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर निवर्तले. त्यांची झिंझोटीतील ठुमरी आणि बेळगावच्या शोभा गुर्टू (१९२५–२००४) यांचे दादरे वाचकांनी जरूर ऐकावेत. लग्गी लागली की कान तबल्याकडे द्यावा.