बुरशीतील विकरे कोलेस्टेरॉल कमी करणारा घटक कसा बनवतात?

जमिनीत व कुजणाऱ्या काडीकचऱ्यात आढळणारी ॲस्परजिलस टेरियस ही बुरशी लोव्हास्टॅटिन हा घटक तयार करते. कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध म्हणून त्याला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी, १९७० च्या दशकात, जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून याच गटातील कॉम्पॅक्टिन वेगळे केले होते.

विकरांचे काम

- लोव्ह-बी हे मुख्य विकर दोन-दोन कार्बनचे नऊ तुकडे जोडून साखळी बनवते. ठरावीक टप्प्यांवर लोव्ह-सी त्याला मदत करते.
- तयार झालेली साखळी लोव्ह-जी सोडवून घेते.
- लोव्ह-ए तिच्यावर ऑक्सिजनची प्रक्रिया करते. त्यातून मोनॅकोलिन-जे मिळते.
- लोव्ह-एफ एक छोटी बाजूची साखळी बनवते. लोव्ह-डी ती मोनॅकोलिन-जेला जोडते आणि लोव्हास्टॅटिन पूर्ण होते.

कोलेस्टेरॉल कमी कसे होते?

आपल्या यकृतात एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर कोलेस्टेरॉल निर्मितीचा वेग ठरवते. लोव्हास्टॅटिन या विकराची जागा अडवते. निर्मिती घटली, की यकृत रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल जास्त प्रमाणात ओढून घेते. बुरशीच्या पेशीभित्तिकेलगतच्या पटलात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असते. तेही याच मार्गाने बनते. त्यामुळे हा घटक शेजारच्या इतर बुरशींची वाढ रोखू शकतो.

शेतकऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

- धिंगरी अळिंबीतही लोव्हास्टॅटिन आढळते. मात्र वाण, वाढीचे माध्यम आणि काढणीची अवस्था यांनुसार प्रमाण बदलते. म्हणून धिंगरी पौष्टिक भाजी म्हणूनच विका. पाकिटावर ‘कोलेस्टेरॉलवर औषध’ असे छापू नका.
- ग्राहकाने डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून अळिंबीवर विसंबू नये, हे त्याला स्पष्ट सांगा.
- मोनॅस्कस बुरशीने आंबवलेल्या लाल तांदळातील मोनॅकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिनच. ते गोळीच्या जोडीने घेतल्यास स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. शिवाय या बुरशीचे काही प्रकार मूत्रपिंडास घातक असे सिट्रिनिनही तयार करतात.
- बुरशी लागलेले धान्य औषधी समजून खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. कारखान्यात निवडलेला शुद्ध प्रकार वाढवून, घटक वेगळा करून तपासला जातो. कोठारातल्या बुरशीत कोणते विष आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.