पाहुण्यासाठी रॅम्प, नागरिकासाठी पायऱ्या

गोष्ट जानेवारी २००१ ची. स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. आधी मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या परिषदेसाठी आणि मग दिल्लीत. दिल्लीत त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचं होतं. पण हॉकिंग व्हीलचेअरवर, आणि आपली स्मारकं पायऱ्यांवर! अपंग हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी पुरातत्त्व खात्याच्या मागे लागले आणि तात्पुरते लाकडी रॅम्प बसले. शेकडो वर्षांच्या वास्तूंना काहीही झालं नाही.

म्हणजे अडचण दगडांची नव्हतीच.

आता गंमत बघा. रॅम्प करा, रेल्वे-बस-विमानं अपंगांना वापरता येतील अशी करा, हे सांगणारा कायदा १९९५ मध्येच संसदेत मंजूर झाला होता. फक्त त्यात एक मेख होती: हे सगळं 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' करायचं. सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो, ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेच.

अबिदी स्वतः व्हीलचेअर वापरायचे. विमानात चढण्या-उतरण्याच्या सोयींसाठी ते सुप्रीम कोर्टात गेले होते. अंध प्रवाशांना इंडियन एअरलाइन्स भाड्यात निम्मी सवलत देत होतीच. डिसेंबर १९९८ च्या निकालाने ती ८० टक्के किंवा त्याहून जास्त चलन-अपंगत्व असलेल्यांनाही मिळाली. निकाल महत्त्वाचा, वाद नाही. पण आपली व्यवस्था सवलत चटकन समजते. हक्क समजायला तिला फार वेळ लागतो.

२०१६ च्या नव्या कायद्याने ती मेख काढली आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये, राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या २००५ पासून चाललेल्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ले असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. एकोणीस वर्षं!

यावर काही जण लगेच विचारतात, 'मग काय रायगडाला रॅम्प लावायचा?' अहो, गड राहू द्या. गडाच्या पायथ्याशी नेणाऱ्या एसटीचं काय? तिकिटात सवलत आहे, सीटही राखीव आहे, पण त्या सीटपर्यंत जायला उंच पायऱ्या चढाव्या लागतात. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग नोंदले गेले. यातले किती जण तुम्हाला लेण्यांत, किल्ल्यावर, समुद्रावर दिसतात? त्यांना फिरायची हौस नाही असं थोडंच आहे!

हॉकिंग चार दिवसांचे पाहुणे होते. हे २९ लाख लोक इथलेच आहेत. पुढच्या वेळी तुमच्या गावच्या स्टँडच्या नूतनीकरणाचं उद्घाटन होईल ना, तेव्हा फीत कापणाऱ्या साहेबांना एवढंच विचारा: रॅम्प कुठे आहे?