बाटली क्रमांक ५३-एन

एटापल्ली-भामरागडकडच्या शाळेत लस टोचायला नर्सबाई येतात, तेव्हा पालक गाठतात ते गुरुजींना. "पोराले काही झालं त भरपाई कोण देईल?" प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी, जे झाले ते लशीनेच झाले का, हे ठरवावे लागते. ते किती अवघड असते, हे दाखवणारी एक जुनी हकीगत आम्ही येथे देत आहोत. त्यातली लस आपल्या मुंबईचीच आहे.

प्लेगची ही लस डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे १०७ जणांना ती टोचली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांची लस ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली होती. बाकीच्यांना काहीही झाले नाही.

म्हणजे दोष त्या बाटलीत होता, हे उघड झाले. पण जंतू तिच्यात शिरले कोठे, परळच्या प्रयोगशाळेत की मलकोवालला? चौकशी आयोगाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांचे संचालकपद गेले.

वास्तविक बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. ज्योतीवर न धरता, नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून त्याने तो वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय लक्षणे दिसली आठवड्याने. जंतू मुंबईतच शिरले असते तर बंद बाटलीत ते वाढले असते, उघडताच दुर्गंधी आली असती, आणि साठलेल्या विषाने माणसे लवकर आजारी पडली असती. रोनाल्ड रॉस वगैरेंनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले. एका बाटलीचा निकाल लागायला पाच वर्षे!

आता पाड्यावरचे एकच मूल लशीनंतर चार दिवसांनी तापाने गेले, असे समजा. गडचिरोलीत हिवताप आहे. रक्त तपासलेले नसेल, तर बापाने कोर्टात काय सिद्ध करावे? हे ओझे हलके व्हावे म्हणून अमेरिकेने १९८६ साली कायदा केला. तेथे लशीच्या प्रत्येक डोसवर कर घेऊन निधी उभारतात आणि चूक कोणाची हे न विचारता भरपाई देतात. आपल्याकडे २०२२ साली कोविड लशीबाबत केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की भरपाई हवी असेल त्याने दिवाणी न्यायालयात जावे. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. अहेरीच्या जंगलातून कोर्टापर्यंतची वाट लांब आहे.

लशीनंतरच्या दुर्घटना तपासायला जिल्हा पातळीवर समिती असते. तेव्हा गुरुजींनी वहीत लशीचा बॅच क्रमांक, टोचल्याची वेळ आणि पहिले लक्षण दिसल्याची वेळ टिपून ठेवावी. मुलाला ताप असेल तर त्याच दिवशी रक्ताचा नमुना घ्यायला लावावा.