बोकारोचे पोलाद

श्रीमंत राष्ट्रांनी दरिद्री राष्ट्रांस हात द्यावा काय? बोकारोच्या पोलाद कारखान्यासाठी भारताने अमेरिकेकडे साहाय्य मागितले, तेव्हा अध्यक्ष केनेडी अनुकूल होते. परंतु १९६३ च्या मार्चमध्ये जनरल क्ले यांच्या समितीने अभिप्राय दिला, की खाजगी धंद्याशी स्पर्धा करणाऱ्या सरकारी कारखान्यांस पैसा देऊ नये. अमेरिकन काँग्रेसमध्येही विरोध वाढला. त्याच वर्षी भारताने मागणी मागे घेतली. १९६५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला. भिलाईसाठीही त्यांनीच अडीच टक्के व्याजाने कर्ज दिले होते. म्हणजे हे काही दान नव्हे! मदत अवश्य द्यावी, व्याजही घ्यावे. पण कारखान्याची मालकी कोणाची, हे सावकाराने का ठरवावे? बोकारोची पहिली झोतभट्टी १९७२ साली पेटली, ती सरकारी मालकीचीच.