ट्रकमधून गेलेला प्लग

नाना पेठेतल्या आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात वडिलांच्या वेळी ट्रकचे स्पार्क प्लग डझनावारी जात. मी गल्ल्यावर बसू लागलो तोवर ते फडताळाच्या तळाशी गेले होते. ट्रकवाला यायचा तो नोझल नाहीतर फिल्टर मागायला. आता पुन्हा ट्रकचे प्लग मागायला माणसं येतात आणि ‘कधी बदलायचे?’ असंही विचारतात. वडील या प्रश्नाला जे उत्तर देत, ते आज चालत नाही.

त्यांचं उत्तर त्या काळच्या गाड्यांवरून आलेलं होतं. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली. तेव्हाच्या ताफ्यात बेडफर्ड, शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, लेलँड अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. मालाच्या गाड्यांतही अशीच सरमिसळ. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि फार्गो जोडले जात. यातल्या अमेरिकन वळणाच्या गाड्या पेट्रोलवर चालत, आणि त्यांचा प्लग झिजण्याआधी माखायचा. कार्बुरेटर जरा जास्त पेट्रोल सोडी, जुन्या रिंगांतून ऑइल वर चढे, त्यात पेट्रोलमधलं शिसं. अमेरिकेत १९२३ मध्ये विक्रीला आलेलं हे शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली एकदाचं बंद झालं. तोवर त्याची पुटं प्लगवर बसतच राहिली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं आणि गाडीच्या पाठीला कोळशाची भट्टी लटकली. भट्टीतून इंजिनात जाणाऱ्या गॅसमध्ये डांबर आणि राख असायची, म्हणजे प्लगचे हाल विचारायलाच नकोत.

म्हणून त्या काळी प्लग ‘बदलत’ नसत, ‘काढून बघत’. मिस्त्री सहाही प्लग हेडवर ओळीने मांडायचा आणि टोकाच्या रंगावरून इंजिनाची कुंडली सांगायचा. चॉकलेटी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर कार्बुरेटर, ओली चकाकी असेल तर रिंगा, पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. मग वायरब्रश, पॉलिश पेपर, फीलर गेज, की प्लग परत जागेवर. मोठ्या गॅरेजांत प्लग साफ करायचं यंत्र असे. त्यात एकीकडे वाळूचा मारा, दुसरीकडे एक बंद कोठडी. कोठडीत प्लग बसवायचा, हवेचा दाब चढवायचा आणि काचेतून ठिणगी पाहायची. मला त्या यंत्राचा हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. प्लग हेडला टेकवून, स्टार्टर मारून, निळी ठिणगी दिसली की ‘प्लग चांगला’ म्हणणारे मिस्त्री आजही आहेत. पण मोकळ्या हवेत ठिणगी पडणं फार सोपं असतं.

१९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक बनू लागले. डिझेल स्वस्त, एव्हरेज जास्त. पेट्रोलचा ट्रक कोण पोसणार? ज्यांना नवा परवडेना त्यांनी जुन्या डॉज-फार्गोचं पेट्रोल इंजिन उतरवून पर्किन्सचं डिझेल चढवलं. ही इंजिनं मद्रासची सिम्पसन कंपनी बनवी. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबाने तापलेल्या हवेतच ते पेटतं. ट्रकच्या मिस्त्रींची एक अख्खी पिढी प्लगपान्याशिवाय निवृत्त झाली.

प्लग परत आला तो सीएनजीबरोबर. दिल्लीतल्या बस सीएनजीवर न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिला. मुंबईत महानगर गॅस १९९५ सालीच उभी राहिली होती. बसमागोमाग मालाच्या गाड्याही गॅसवर आल्या. यातली बरीच इंजिनं मूळची डिझेलची. नोझलच्या जागी प्लग बसवला, कॉम्प्रेशन उतरवलं, टर्बो मात्र कायम.

इथे वडिलांचं शास्त्र उलटं होतं. गॅस स्वच्छ जळतो, काजळी धरत नाही. प्लग माखण्याआधी झिजतो, आणि झिजलेला प्लग दिसायला नवाच दिसतो. एका तरुण मेकॅनिकने काउंटरवर असे प्लग ठेवले आणि म्हणाला, “काका, काहीच झालं नाही यांना.” मी फीलर गेज पुढे केलं. गॅप ठरल्यापेक्षा चांगलीच वाढली होती.

फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो. इंजिनातल्या दाबाला गॅप वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि दाब वाढला तरी तेच. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, शिवाय गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा हट्टी. म्हणून अशा अनेक इंजिनांत गॅप अर्ध्या मिलिमीटरच्याही आत ठेवतात. त्यात टोक जरा झिजलं तरी ताण सगळा कॉइलवर. कॉइल महाग, आणि न जळलेला गॅस सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटला तर बिघडणारा कन्व्हर्टर कॉइलहून महाग. टोकाला इरिडियम लावतात तेही याचसाठी. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ ला. पण त्या बारीक टोकावर वायरब्रश मारायचा नाही. ही सवय मोडायला जुन्या मिस्त्रींना जड जातं.

तेव्हा माझं उत्तर असं: रंग बघू नका, कंपनीच्या पुस्तकातला किलोमीटरचा किंवा तासांचा आकडा बघा, आणि घाटात भरून चालणारी गाडी असेल तर आकड्याच्या थोडं अलीकडेच सगळे एकदम बदला. एकच बदलून तीन जुने ठेवायची काटकसर मला पटत नाही, आणि हे मी माल खपावा म्हणून म्हणत नाही.

ड्रायव्हरला यातलं काही सांगावं लागत नाही. “सपाटीला मस्त पळते, खंबाटकी घाटात भरलेली असली की मिस मारते,” असं तो म्हणाला की मी प्लग बघायलाही मागत नाही. चढाला टर्बोचा दाब भरीला येतो आणि दमलेला प्लग तिथेच हात टेकतो. शेवटचे कधी बदलले होते, एवढंच विचारतो. बहुतेक वेळा तो मालकाला फोन लावतो, आणि मालक म्हणतो, “बदलायचे असतात होय?”